मृत्यूनंतरची साक्ष : हॉस्पिस-सेवा, शुश्रूषा करणारे कुटुंब आणि ‘समाधाना’चा प्रश्न

रुग्णालयातून बरा होऊन घरी परतलेला माणूस आपल्यावर झालेल्या उपचारांविषयी चार शब्द बोलू शकतो. डॉक्टर वेळेवर आले की नाही, परिचारिका कशा वागल्या, औषधाने गुण आला की नाही, हे सांगण्याचा त्याचा अधिकार कोणी नाकारत नाही. हॉस्पिसची गोष्ट वेगळी आहे. रोग बरा होण्याची आशा संपल्यावर वेदना आणि इतर त्रास कमी करून उरलेले दिवस सुसह्य करावेत, हे हॉस्पिस-सेवेचे प्रयोजन. ही सेवा ज्याच्यासाठी योजलेली असते, तो ती कशी होती हे सांगण्यासाठी मागे उरत नाही. जोवर तो असतो तोवर त्याला असे प्रश्न विचारणे बहुधा शक्य नसते, आणि शक्य असले तरी विचारणाऱ्याची जीभ रेटत नाही. त्यामुळे या सेवेच्या गुणवत्तेचा इतिहास बव्हंशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला इतिहास आहे. तो सांगणारी माणसे म्हणजे मागे राहिलेली पत्नी, पती, मुलगी, सून, मुलगा.

हा साक्षीदार तटस्थ मात्र नाही. ज्याच्याविषयी साक्ष द्यावयाची त्याचे अंथरूण त्यानेच बदललेले असते, औषधाचा चमचा त्यानेच ओठांशी नेलेला असतो, आणि मध्यरात्री कण्हणे ऐकू आल्यावर डॉक्टरांना उठवावे की पहाटेपर्यंत थांबावे हा निर्णयही त्यानेच घेतलेला असतो. सेवा कशी होती, या प्रश्नाच्या पोटात त्याच्यापुरता आणखी एक प्रश्न दडलेला असतो : आपण केले ते पुरेसे होते का? कुटुंबीयांचे समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा इतिहास वाचताना हा दुसरा प्रश्न नजरेआड करून चालत नाही. भारतासारख्या देशात तर नाहीच, कारण येथे कुटुंब हे सेवेचे निरीक्षक नसून बहुतेक सेवा तेच करीत असते.

मराठीतील दोन शब्द या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ या धातूचे इच्छार्थक रूप. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवा करतो, यातून सेवा हा अर्थ आला, आणि पुढे तो रोग्याच्या सेवेपुरता संकोचला. दुसरा शब्द ‘काळजी’. मराठी माणूस रोग्याची काळजी घेतो आणि रोग्याची काळजी करतोही. क्रियापद बदलले की एकच नाम कृतीवरून चिंतेवर जाते. इंग्रजीतील ‘केअर’ या शब्दालाही चिंतेची छटा होती, परंतु सेवाव्यवसायाच्या परिभाषेत ती पुसट झाली. मराठीत ती रोजच्या बोलण्यात शाबूत आहे. घरी शुश्रूषा करणाऱ्याच्या अनुभवात ही दोन्ही क्रियापदे एकाच वेळी चालू असतात, हे पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

आधुनिक हॉस्पिस-चळवळीचा प्रारंभ सिसिली सॉण्डर्स यांच्यापासून मानला जातो. मरणोन्मुखांसाठीची आश्रयस्थाने त्यांच्या आधीही होती. डब्लिनमधील अवर लेडीज हॉस्पिस १८७९ चे, तर पूर्व लंडनमधील सेंट जोसेफ्स १९०५ चे. सॉण्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर, १९५७ मध्ये, डॉक्टर झाल्या. समाजसेविका असताना त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक ज्यू निर्वासित भेटला. तो लंडनमध्ये कर्करोगाने मरणपंथाला लागला होता आणि जवळचे असे त्याला कोणी नव्हते. १९४८ मध्ये तो वारला तेव्हा सॉण्डर्स यांच्या भावी वास्तूत एक खिडकी व्हावी म्हणून त्याने ५०० पौंड मागे ठेवले होते. पुढे सेंट जोसेफ्समध्ये काम करताना सॉण्डर्स यांनी मॉर्फिन ठरावीक अंतराने, वेदना उसळण्यापूर्वीच, तोंडावाटे देण्याच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. ज्या चळवळीने कुटुंबाला रुग्णाइतकेच सेवेचे केंद्र मानले, तिच्या उगमाशी एक कुटुंब नसलेला माणूस आहे, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल.

वेदना केवळ शरीराची नसते; तिच्यात मनाचा, नातेसंबंधांचा आणि श्रद्धेचाही भाग असतो, हा सॉण्डर्स यांचा विचार ‘समग्र वेदना’ या नावाने प्रसिद्ध आहे. नातेसंबंध वेदनेचा भाग आहेत असे एकदा मानले की नातलगाला भेटीच्या वेळेपुरता पाहुणा समजून दाराबाहेर ठेवता येत नाही. तत्कालीन इंग्लिश रुग्णालयांत भेटीच्या वेळा काटेकोर असत. सेंट क्रिस्टोफर्सने त्या सैल केल्या, मुलांनाही आत येऊ दिले, आणि १९६९ पासून रुग्णाच्या घरी जाऊन सेवा देण्यास आरंभ केला. 

याच संस्थेत कुटुंबाची साक्ष पद्धतशीरपणे घेण्यास सुरुवात झाली. शोकाचा अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी सेंट क्रिस्टोफर्समध्ये आणि परिसरातील इतर रुग्णालयांत कर्करोगाने मरण पावलेल्यांच्या विधवा-विधुरांच्या मुलाखती घेऊन त्यांची तुलना केली. हे संशोधन १९७९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले, आणि हे विभाजनच बोलके आहे. पहिल्या भागात जोडीदाराच्या दृष्टीने रुग्णावर सेवेचा काय परिणाम झाला ते नोंदविले आहे. दुसऱ्या भागात त्या जोडीदारावर स्वतःवर काय परिणाम झाला ते. म्हणजे साक्षीदार हा भोक्ताही आहे, याची जाणीव या पहिल्याच मोठ्या प्रयत्नात होती. पुढच्या काळातील अनेक मोजमापांत हे दोन भाग एका बेरजेत मिसळून गेले.

दहा वर्षांनी तोच अभ्यास पुन्हा करण्यात आला आणि १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मधल्या काळात इतर रुग्णालयांनीही वेदनाशमन बरेच सुधारले होते, त्यामुळे त्या बाबतीतले अंतर पूर्वीइतके उरले नव्हते. टिकून राहिला तो कुटुंबाच्या अनुभवातील फरक. हॉस्पिसमधील जोडीदारांची चिंता कमी होती, आणि ती संस्था त्यांना कुटुंबासारखी वाटली होती. औषधाचे ज्ञान एका वास्तूतून दुसऱ्या वास्तूत गेले. वागणुकीची रीत मात्र तितक्या सहजपणे गेली नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये दुसरी एक वाट तयार झाली. समाजशास्त्रीय संशोधक ॲन कार्टराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मरण पावलेल्या प्रौढांचा नमुना मृत्युनोंदींवरून निवडला आणि त्यांच्या अखेरच्या वर्षाविषयी नातलगांना, शेजाऱ्यांना विचारले. त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या आदर्श संस्थेविषयी न विचारता सगळ्याच मृत्यूंविषयी विचारणे हे त्यांचे वैशिष्ट्य. १९८७ च्या मृत्यूंविषयी हाच अभ्यास पुन्हा झाला, १९९० च्या मृत्यूंविषयी त्याहून मोठा झाला, आणि या परंपरेतून ‘व्हॉइसेस’ नावाची टपालाने पाठवावयाची प्रश्नावली सिद्ध झाली. २०११ ते २०१५ या काळात इंग्लंडमधील राष्ट्रीय शोकग्रस्त-सर्वेक्षण तिच्याच आधारे घेतले गेले. ज्यूलिया ॲडिंग्टन-हॉल हे या परंपरेतील महत्त्वाचे नाव. मृत्यूनंतर आप्ताने सांगितलेले कितपत ग्राह्य धरावे, या प्रश्नाला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट हात घातला. रुग्ण हयात असताना त्याला विचारलेले आणि आप्ताला विचारलेले ताडून पाहता असे दिसते की डॉक्टर किती वेळा आले, कोणती मदत मिळाली, धाप लागत होती का, अशा डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींवर दोघांचे बरेच जुळते. वेदना, भीती, खिन्नता यांवर ते तितके जुळत नाही. ज्या गोष्टीसाठी हॉस्पिस जन्माला आले, तीच गोष्ट दुसऱ्याच्या डोळ्यांना सर्वांत कमी दिसते.

अमेरिकेत या साक्षीला शासकीय रूप मिळाले, आणि त्यामागचे कारण आर्थिक होते. कनेटिकट हॉस्पिसने १९७४ मध्ये काम सुरू केले ते रुग्णाच्या घरी जाऊन. १९८२ च्या कायद्याने वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ योजनेत हॉस्पिस-सेवेचा समावेश झाला. आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरले आहे असे डॉक्टरांनी प्रमाणित करावे आणि रुग्णाने रोगावरचे उपचार सोडून द्यावेत, या तिच्या मुख्य अटी. संस्थेला पैसे दिवसागणिक मिळतात. परिचारिका आठवड्यातून काही वेळा येते. उरलेले तास घरच्या माणसाचे. त्याला विसावा मिळावा म्हणून रुग्णाला एका वेळी पाच दिवसांपर्यंत अन्यत्र ठेवण्याची आणि मृत्यूनंतर वर्षभर कुटुंबाला शोककाळात साहाय्य देण्याची तरतूद या योजनेत आहे, ही तिची जमेची बाजू. पण तिचा सगळा हिशेब घरात कोणीतरी जागे असेल या गृहीतावर उभा आहे. 

जोन टेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे निर्णायक ठरला. २००० या वर्षी झालेल्या मृत्यूंविषयी १,५७८ आप्तांना विचारण्यात आले. घरी हॉस्पिस-सेवा मिळालेल्यांच्या आप्तांपैकी ७०.७ टक्के लोकांनी सेवा ‘उत्कृष्ट’ म्हटली. रुग्णालयात, शुश्रूषागृहात किंवा हॉस्पिसविना घरी मरण पावलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी होते. २००७ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट दाखविली. रुग्ण हॉस्पिसमध्ये प्रत्यक्ष किती दिवस होता यापेक्षा ‘आपण फार उशिरा आलो’ असे कुटुंबाला वाटले की नाही, याचा समाधानाशी अधिक निकटचा संबंध होता. दिनदर्शिकेतले दिवस आणि मनातला उशीर ही दोन वेगळी मापे आहेत, हे घरी रोगी सांभाळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

त्याआधी, १९९३ मध्ये, लिंडा क्रिस्टजन्सन यांनी कर्करुग्णांच्या कुटुंबीयांसाठी ‘फॅमकेअर’ ही वीस प्रश्नांची मापनश्रेणी तयार केली होती. ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. अमेरिकन शासनाने २०१५ पासून हॉस्पिस-संस्थांवर ‘कॅप्स’ सर्वेक्षण बंधनकारक केले. अगदी लहान संस्था त्यातून वगळल्या आहेत. मृत्यूनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी मुख्य शुश्रूषाकर्त्याकडे प्रश्नावली जाते, आणि २०१८ पासून संस्थानिहाय निकाल जाहीर होऊ लागले. या प्रश्नावलीचा सर्वांत मोलाचा भाग समाधानाविषयीचा नाहीच. रात्री, सुट्टीच्या दिवशी मदत मागितली तेव्हा ती वेळेवर मिळाली का. वेदनेचे औषध केव्हा आणि किती वाढवावे हे तुम्हाला शिकविले का. रुग्णाला धाप लागली, तो अस्वस्थ झाला तर काय करावे हे सांगितले का. हे प्रश्न कुटुंबाला ग्राहक न मानता सहकारी मानतात. ‘शून्य ते दहा यांपैकी किती गुण द्याल’ हा प्रश्नही तेथे आहेच. जाहिरातीसाठी तो सोयीचा. कळायला मात्र त्यातून थोडेच कळते.

कारण समाधानाचे गुण जवळजवळ सर्वत्र उंच येतात. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की संशोधकांनी त्याला छताची उपमा दिली आहे : सगळी उत्तरे छताला जाऊन टेकतात. अखेरच्या आठवड्यात वेदना नीट आटोक्यात आली नव्हती असे सांगणारा आप्तच त्याच प्रश्नावलीत खाली सेवा उत्तम होती असेही लिहितो. यात खोटेपणा नाही. जी परिचारिका पहाटे आली होती तिच्याविषयी तक्रार लिहिणे कृतघ्नपणाचे वाटते. शिवाय सेवा कमी पडली असे मान्य केले, तर ती जागा आणि ते डॉक्टर निवडणारे आपणच, हा दोष अंगावर येतो. आपल्या माणसाचे मरण वाईट झाले, हे वाक्य कागदावर लिहिणे फार जड असते.

अशी साक्ष प्रश्नावलीच्या पुष्कळ आधीपासून लिहिली गेली आहे, आणि मराठी वाङ्मयात तिचे एक ठळक उदाहरण आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत निधन पावले. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या पतीच्या अखेरच्या दुखण्याचा वृत्तान्त त्यात येतो. मधली नऊ वर्षे लक्षात घेतली म्हणजे दोन महिन्यांनी येणाऱ्या प्रश्नावलीचे अपुरेपण जाणवते; शोकाला स्वतःची अशी एक वाचा सापडावी लागते. मराठी समीक्षेने हे पुस्तक स्त्री-आत्मचरित्राचा आरंभकाळ म्हणून, समाजसुधारणेचा दस्तऐवज म्हणून वाचले, आणि ते योग्यच आहे. पण शुश्रूषा करणारीने दिलेली साक्ष म्हणून ते फारसे वाचले गेलेले नाही. ज्या बाईने हे लिहिले तिनेच पुढे पुण्याच्या सेवासदनातून मध्यमवर्गीय स्त्रियांना परिचारिकेचा व्यवसाय पत्करण्यास प्रवृत्त केले, हा दुवाही त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. घरातील शुश्रूषा हे कर्तव्य असते. तिला कौशल्य म्हणून शिकविता येते, ही कल्पना त्या काळी नवी होती.

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत झाले. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले. त्याच्या शाखा पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीत निघाल्या. ख्रिस्ती धर्मभगिनी सेवा करतात. प्रवेशाला धर्माची अट नाही आणि शुल्कही नाही. पुण्यातील वारजे येथे सिप्ला कंपनीच्या न्यासाने १९९७ मध्ये केंद्र काढले. बंगळूरचे करुणाश्रय १९९९ मध्ये स्वतःच्या वास्तूत उभे राहिले. मुंबईच्या संस्थेचा जन्म जेथून झाला त्या परळच्या परिसरात देशभरातून आलेल्या कर्करुग्णांचे नातलग पदपथावर आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. ‘हॉस्पिस’ या शब्दाच्या मुळाशी यात्रेकरूला आसरा देण्याची कल्पना आहे. त्या अर्थाला मराठीतील ‘धर्मशाळा’ हा शब्द ‘शुश्रूषागृहा’पेक्षा जवळचा.

परंतु भारतातील खरा पेच जागेचा नव्हता. तो औषधाचा होता. शांती आवेदना सदन सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थविरोधी कायदा झाला. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने यांच्या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. कायदेशीररीत्या अफू पिकविणाऱ्या या देशात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ ते १९९७ या काळात सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. या आकड्याच्या मागे किती घरांतल्या रात्री आहेत याची कोणी प्रश्नावली काढली नाही, आणि काढली असती तरी तिचे उत्तर काय आले असते? ज्याने वेदनाशमन कधी पाहिलेलेच नाही, त्याला ते मिळाले नाही याचे असमाधान कशाच्या आधारावर वाटणार? रोग म्हटला की दुखायचेच, असे मानणारे कुटुंब अपेक्षेअभावी समाधानी असते. समाधानाच्या मापाची ही सर्वांत मोठी फसगत होय.

कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली तेव्हा हा पेच समोर होता. त्यांनी खाटा वाढविण्याचा मार्ग घेतला नाही. बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला तपासायचे, तोंडावाटे घेण्याच्या मॉर्फिनच्या गोळ्या घरी द्यायच्या, आणि त्या केव्हा द्यायच्या, जखम कशी धुवायची, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून काय करायचे, हे घरच्या माणसाला शिकवायचे. कायदा ज्या घराकडे संशयाने पाहत होता, त्याच घराच्या हाती औषध सोपविले गेले. या प्रयोगातील दोन वर्षांचा वृत्तान्त २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. १,७२३ रुग्णांना घरी मॉर्फिन देण्यात आले होते. त्याचा गैरवापर झाल्याचे किंवा ते अन्यत्र वळविले गेल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. कुटुंबाविषयी या इतिहासात मिळालेली सर्वांत भक्कम साक्ष हीच म्हणावी लागेल, आणि ती कुटुंबाने दिलेली नाही, कुटुंबाच्या बाजूने दिली गेलेली आहे. कायद्यात सुधारणा होण्यास मात्र २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मॉर्फिनसह काही औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून परवाने एका खात्याकडे आणले गेले.

केरळमध्ये या कामाचे पुढचे पाऊल गावाने टाकले. मलप्पुरम जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्थानिक स्वयंसेवकांची साखळी तयार झाली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी थोडे प्रशिक्षण घेऊन शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जाऊ लागले. २००८ मध्ये केरळ शासनाने यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींच्या आधारावर परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. दिल्लीत कॅनसपोर्ट ही संस्था १९९७ पासून डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांची पथके घरी पाठवीत आली आहे. तिच्या संस्थापक हरमाला गुप्ता यांनी स्वतः कर्करोग सोसला होता. मलयाळममध्ये या सेवेला ‘सांत्वन परिचरण’ असे नाव रूढ आहे. मराठी वाचकाला तेथे क्षणभर थबकावे लागते. मराठीत सांत्वन मृत्यूनंतर करतात, आणि ते मागे राहिलेल्यांचे. मलयाळममध्ये तो शब्द जिवंत रोग्याच्या उशाशी आला आहे. मराठीने ‘उपशामक शुश्रूषा’ असा शब्द घडविला. तो शास्त्रशुद्ध आहे, पण गावात कोणी उच्चारत नाही. लोक ‘पॅलिएटिव्ह’च म्हणतात, किंवा ‘आता घरीच न्या असे सांगितले’ एवढेच म्हणतात. या शेवटच्या वाक्यात त्यांना सोडून दिल्याचा जो भाव आहे, तो पुसून काढणे हेच घरपोच सेवेचे पहिले काम असते.

भारतीय घरात साक्ष घेताना आणखी दोन गाठी आडव्या येतात. पहिली गाठ न सांगण्याची. रुग्णाला रोगाचे नाव कळू देऊ नका, अशी विनंती येथील डॉक्टरांना कुटुंबाकडून सतत होते. त्यामागे क्रूरता नसते. धीर खचू नये ही माया असते. पण मग घरातील प्रत्येक जण रुग्णासमोर एक अभिनय करीत राहतो, आणि बहुधा सारे ओळखून बसलेला रुग्णही इतरांसाठी तोच अभिनय करतो. ‘त्यांना शेवटपर्यंत कळू दिले नाही’ हे वाक्य मराठी घरांत समाधानाने उच्चारले जाते. हॉस्पिसच्या दृष्टीने ते अपयश ठरू शकते, कारण निरोप घ्यायचा राहून गेलेला असतो. येथे कुटुंबाचे समाधान आणि रुग्णाचे हित एकमेकांना छेद देतात, आणि आप्तांना पाठविलेली कोणतीही प्रश्नावली हा छेद दाखवू शकत नाही.

दुसरी गाठ साक्षीदार कोण, ही. मुख्य शुश्रूषाकर्ता म्हणून कागदावर नाव कोणाचे येते? प्रवेशपत्रावर सही करणारा, डॉक्टरांशी बोलणारा, पैशांची व्यवस्था पाहणारा बहुधा मुलगा किंवा जावई असतो. कूस बदलणारी, भांडे देणारी, जखमेचा वास सहन करीत शेजारी जेवणारी बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. पहिल्याला विचारले तर खर्च, अंतर, डॉक्टरांची वागणूक यांविषयी ऐकावयास मिळते. दुसरीला विचारले तर झोपेविषयी, पाठीच्या दुखण्याविषयी, आणि आपल्या हातून औषध जास्त तर दिले गेले नाही ना या भीतीविषयी. ही भीती मॉर्फिन देणाऱ्या घरांत विशेष असते. शेवटचा घोट आपण दिला आणि त्यानंतर काही तासांत श्वास थांबला, या दोन घटनांची सांगड मन आपोआप घालते. ‘औषधाने नव्हे, रोगाने गेले’ हे परिचारिकेने एकदा स्पष्ट सांगणे हे त्या बाईच्या दृष्टीने साऱ्या सेवेचे सार असू शकते. वीस प्रश्नांच्या मापनश्रेणीत त्यासाठी ओळ नसते.

शुश्रूषेचा मूळ अर्थ येथे परत येतो. केरळच्या घरपोच सेवेत मृत्यूनंतर कुटुंबाकडे पुन्हा जाण्याची रीत आहे. तिचा उद्देश मूल्यमापनाचा नाही. परंतु सेवा कशी होती हे जेवढे या भेटींत कळते तेवढे टपालाने आलेल्या उत्तरांतून कळत नसावे, कारण भेटीला येणारी व्यक्ती तीच असते जिने ती जखम पाहिलेली असते आणि जिच्यापुढे सारवासारव करण्याची गरज नसते. मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या परत आणून द्याव्यात, असेही या केंद्रांतून कुटुंबांना सांगितले जाते. नियमाचा भाग म्हणून वहीत नोंद करावयाची असते : किती दिल्या, किती उरल्या. गोळ्या मोजून होतात, सही होते. आणलेल्या माणसाला परिचारिका बसा म्हणते, आणि त्यानंतर तो किंवा ती त्या शेवटच्या रात्रीविषयी बोलू लागते.